विशेषण ही खरंच वेगळी शब्दजात आहे का?

अर्धविराम (धागाकर्ता)

जपानी शिकायला घेतल्यापासून एक किडा डोक्यात वळवळतोय, म्हणून हा धागा.

जपानीत ‘ताकाई’ म्हणजे उंच (किंवा महाग). ‘इमारत उंच होती’ म्हणताना आपण ‘उंच’ला हातही लावत नाही, ‘आहे’चं ‘होती’ करतो आणि मोकळे होतो. जपानीत मात्र विशेषणच बदलतं. ‘ताकाकत्ता’ म्हणजे उंच होता, ‘ताकाकुनाई’ म्हणजे उंच नाही, ‘ताकाकुनाकत्ता’ म्हणजे उंच नव्हता. काळ आणि नकार, दोन्ही विशेषणाच्या पोटात. मग याला विशेषण म्हणायचं की क्रियापद?

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच भाषेत ‘शिझुका’ म्हणजे शांत. या शब्दाला काळबिळ काही लागत नाही. तो नामासारखा वागतो. पुढे नाम असेल तर ‘शिझुका ना’ म्हणायचं, वाक्याच्या शेवटी आला तर ‘शिझुका देस’. एकाच भाषेत विशेषणांची दोन घराणी, एकाची सोयरीक क्रियापदांशी आणि दुसऱ्याची नामांशी.

शाळेत आपण ‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द’ अशी व्याख्या पाठ केली, गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण असे कप्पे केले आणि विषय संपला. ती व्याख्या अर्थावर बेतलेली आहे. वागणुकीवर बेतली तर किती भाषांत टिकेल? आणि मराठीत टिकते का? जाणकारांनी लिहावं, अजाणकारांनी तर लिहावंच.


विसर्ग

चांगला विषय. आधी घरचं पाहू.

निरुक्तकार यास्काने शब्दांचे चार वर्ग केले: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). यात विशेषण नाही. पाणिनीकडे पदं दोनच, सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागणारी) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागणारी). ‘सुन्दर’ आणि ‘बालक’ दोन्ही सुबन्त, दोघांना प्रत्यय तेच. ‘विशेषणं विशेष्येण बहुलम्’ असं सूत्र आहे, पण तिथे विशेषण हे समासात कुणाचं कुणाशी नातं काय, हे सांगणारं नाव आहे. शब्दाची जात नव्हे.

म्हणूनच पाठशाळेतला तो श्लोक: यल्लिङ्गं यद्वचनं या च विभक्तिर्विशेष्यस्य, तल्लिङ्गं तद्वचनं सैव विभक्तिर्विशेषणस्यापि. विशेष्याचं, म्हणजे ज्याबद्दल सांगायचं त्या नामाचं, लिंग, वचन, विभक्ती जी, तीच विशेषणाची. आणि लगेच अपवादही शिकवतात: ‘वेदाः प्रमाणम्’. वेद पुल्लिंगी बहुवचनी, प्रमाण नपुंसकलिंगी एकवचनी, आणि ते तसंच राहतं.

ग्रीकांचंही तेच. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत, पण विशेषण त्यात वेगळं नाही, ते नामाच्या पोटात. लॅटिन व्याकरणकारांनी ‘नामाचे दोन प्रकार’ असा तोडगा काढला. युरोपातसुद्धा विशेषणाला स्वतंत्र जात म्हणून मान्यता फार उशिरा मिळाली. आपल्या आठ जाती म्हणजे इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने मराठीवर बसवलेली मांडणी. दादोबा पांडुरंगांचं १८३६ चं व्याकरण आलं, तिथून ती रुजली.


काना-मात्रा

विसर्ग, एक दुरुस्ती नाही, पण पुरवणी. पाणिनी ‘गुणवचन’ हा शब्द वापरतोच की. ‘वोतो गुणवचनात्’ या सूत्रामुळे मृदु शब्दाचं स्त्रीलिंगी रूप ‘मृद्वी’ होऊ शकतं. गुण सांगणाऱ्या शब्दांपुरता नियम करायचा तर ते शब्द वेगळे ओळखू आलेच असणार. जात नसेल, पोटजात तरी होती.


विसर्ग

मान्य. पण पोटजात कुणाची? नामाचीच ना? माझा मुद्दा तेवढाच.


भटकी जीभ

जपानीच्या शेजाऱ्यांकडे या.

चिनीत ‘ती उंच आहे’ म्हणताना ‘आहे’ येतच नाही. ‘था हन काओ’: ती, खूप, उंच. ‘हन’चा अर्थ खूप, पण या जागी तो अर्थ जवळजवळ झिजून गेलेला असतो. मग वगळला तर? ‘था काओ’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, कारण ते ‘(त्या दोघींत) ती उंच’ असं तुलनेचं वाटतं. नाम असेल तर मात्र ‘श’ हा ‘आहे’ लागतो: ‘था श लाओश’, ती शिक्षिका आहे. म्हणजे वाक्याच्या शेवटी उंच हा शब्द सरळसरळ क्रियापदाच्या खुर्चीत बसतो.

कोरियनमध्ये तर शब्दकोशातच विशेषण क्रियापदाच्या वेशात छापतात. ‘येप्पुदा’ म्हणजे ‘सुंदर असणे’. त्याला काळ लागतो, आदरार्थी प्रत्यय लागतात, सगळं लागतं.

तरी क्रियापदांत पूर्ण विरघळली आहेत असं नाही. कोरियनमध्ये नामाआधी यायचं तर खाणे, जाणे अशा क्रियापदांना वर्तमानात ‘नुन’ लागतो, सुंदर-मोठा अशांना नुसता ‘न’. चिनीत द्विरुक्ती बघा. ‘काओशिंग’ म्हणजे आनंदी, त्याची द्विरुक्ती ‘काओकाओ शिंगशिंग’. ‘श्यूशी’ म्हणजे विश्रांती घेणे, त्याची द्विरुक्ती ‘श्यूशी श्यूशी’. एक शब्द मधून फाडून दुप्पट होतो, दुसरा अख्खा. भाषा बोलणाऱ्याला दोन्हींतला फरक आतून माहीत आहे, मग व्याकरणकार त्याला नाव देवो न देवो.


निरर्थक

लाल ते लालच. क्रियापद म्हणा, नाम म्हणा, भाजीच्या देठाला काय फरक पडतो? हा सगळा व्याकरणकारांचा रिकामटेकडेपणा आहे. (धागा वाचतोय मात्र.)


अर्धविराम

निरर्थक, तुम्ही वाचताय यातच आलं. 😀

पण फरक पडतो तो असा. ‘आठच विशेषणं असलेली भाषा’ ही कल्पना करून बघा. इग्बो ही नायजेरियातली, कोट्यवधी लोकांची भाषा. तिच्यातली खरी विशेषणं म्हणून जी यादी दिली जाते ती चार जोड्यांची: मोठा-लहान, नवा-जुना, चांगला-वाईट, काळा-पांढरा. संपली. बाकी जड, कठीण, गोड, रागीट, हळू हे सगळं नाम किंवा क्रियापद वापरून सांगायचं.

डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९७७ साली अशा भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्याला दिसलं ते असं की विशेषणं मोजकीच असली, तर ती कुठल्याही अर्थाची नसतात. आकारमान, वय, बरंवाईट आणि रंग, हे चार घटक जवळपास नेहमी त्यात. जड, मऊ, गरम असे भौतिक गुण क्रियापदांकडे जातात. मत्सरी, लोभी, दयाळू असे माणसाचे स्वभाव बहुतेक वेळा नामांकडे.

आता मराठीकडे परत या. मला राग आला. मला कंटाळा आलाय. तिला लाज वाटते. त्याला थंडी वाजतेय. मला झोप येतेय. इंग्रजी यातल्या प्रत्येकाला एकेक विशेषण खर्च करते, आपण नाम आणि क्रियापदावर भागवतो. रागीट, लाजाळू, झोपाळू आपल्याकडे आहेत, पण ते स्वभाव सांगतात, आत्ताची अवस्था नाही. ‘मी झोपाळू आहे’ आणि ‘मला झोप येतेय’ यांत किती अंतर आहे बघा. डिक्सनची वाटणी मराठीत पूर्ण बसत नाही, पण धागेदोरे दिसतात.


कोरा कागद

‘विशेषण प्रत्येक भाषेत असतंच असं नाही’ असं डिक्सनचं म्हणणं होतं ना? मग त्याने पुढे मत बदललं हेही लिहा. २००४ साली त्याने उलटी बाजू घेतली: नीट शोधलं तर प्रत्येक भाषेत विशेषणांचा वेगळा वर्ग सापडतो, फक्त कुठे तो नामांच्या सावलीत असतो, कुठे क्रियापदांच्या. भटकी जीभ यांनी दिलेली कोरियनची ‘नुन’ आणि ‘न’ची खूण, हा त्यातलाच शोध. सगळ्यांना पटलेलं नाही. मलाही पूर्ण पटत नाही. इतकी बारीक चाळण लावली की कुठल्याही वर्गात पोटवर्ग सापडणारच.


काना-मात्रा

धागाकर्त्याने विचारलं होतं, वागणुकीवरची व्याख्या मराठीत टिकते का. सीमेवर उभा असलेला माझा उमेदवार: हवा.

वारा नव्हे, ‘पाहिजे’ अर्थाचा हवा. मला चष्मा हवा, वही हवी, पुस्तक हवं. लिंगानुसार चालतो, अगदी ‘चांगला, चांगली, चांगलं’सारखा. मग विशेषण म्हणावं? पण विशेषण नामाच्या आधी येतं: ‘चांगली वही दे’. ‘हवी वही दे’ कुणी म्हणत नाही. ‘हवी ती वही घे’ म्हणतात, म्हणजे मध्ये ‘ती’ घालून त्याचं उपवाक्य करावं लागतं. शिवाय ‘तू मला हवास’, ‘तू मला हवीस’. हा ‘स’ तर ‘आलास, आलीस’मधला, क्रियापदाचा. ‘तू चांगलास’ होत नाही.

त्याचा विरोधी शब्द ‘नको’ तर आणखी पलीकडचा. चष्मा नको, वही नको, पुस्तक नको. लिंग नाहीच. पण ‘पुस्तकं नकोत’ आणि ‘तू येऊ नकोस’, म्हणजे वचन आणि पुरुष आहे. होकार अर्धा विशेषण, नकार पूर्ण क्रियापद.

आणि मग ‘सा’ लावला की दोघंही शहाण्यासारखी विशेषणं होतात: हवाहवासा वारा, नकोशी वाटणारी आठवण, नकोसा उकाडा.

गंमत म्हणजे जपानीत ‘हवा असणे’ हे ताकाईसारखं चालणारं विशेषणच आहे: ‘होशी’. ‘मिझु गा होशी’, पाणी हवं. भूतकाळ ‘होशिकत्ता’. आणि तिथेही जे हवं ते कर्ता म्हणून येतं, ज्याला हवं तो नाही. आपलं ‘मला पाणी हवं’ तसंच. अर्धविराम, तुमच्या शिक्षकांनी हे सांगितलं नसेल, कारण ते बहुतेक इंग्रजीतून शिकवत असणार.


अर्धविराम

बाप रे. खरंय, इंग्रजीतूनच शिकवतात. ‘होशी’ला ‘इच्छिणे’ हे क्रियापद जोडतात आणि मग पाण्याला कर्त्याचा ‘गा’ का येतो हे समजावताना घाम फुटतो. मराठीतून एका वाक्यात झालं असतं.


दोड्डमने

माझ्या हँडलवरून कळलंच असेल, कन्नड बोलते. ‘दोड्ड मने’ म्हणजे मोठं घर. ‘दोड्ड’ला लिंग-वचन-विभक्ती काही नाही, नामाआधी तो दगडासारखा अचल. पण ‘हे घर मोठं आहे’ म्हणायचं तर ‘ई मने दोड्डदु’. तो ‘दु’ म्हणजे ‘ते’. शब्दशः ‘हे घर मोठं-ते’. तो मोठा असेल तर ‘दोड्डवनु’, ती मोठी असेल तर ‘दोड्डवळु’. म्हणजे नामाआधी विशेषण, आणि वाक्याच्या शेवटी आलं की त्याचं नाम करून टाकायचं. मराठी शिकताना मला ‘मोठं घर’ आणि ‘घर मोठं’ दोन्हीकडे तेच रूप, हे फार सोपं वाटलं. त्याऐवजी ‘चांगल्या’ने छळलं.


विसर्ग

‘चांगल्या’ने का छळलं ते समजू शकतो. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं घर. विभक्ती आली की चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या घराला. तिन्ही लिंगं एका ‘या’त बुडाली. हिंदीत ‘अच्छे लड़के को, अच्छी लड़की को’ असा फरक टिकतो, आपल्याकडे नाही. आणि हा सगळा खटाटोप फक्त आकारान्तांना. लाल, हुशार, सुंदर, कडू, गुलाबी यांना काहीच होत नाही.


भटकी जीभ

कुठे जुळवून घ्यायचं आणि कुठे नाही, यात भाषा अगदी उलटसुलट वागतात.

जर्मन: नामाआधी विशेषणाला प्रत्ययांचा मारा. ‘आइन ग्रोसेस हाउस’ (एक मोठं घर), पण ‘दास ग्रोसे हाउस’ (ते मोठं घर). आधी आलेल्या शब्दावर लिंग दिसत असेल तर विशेषण आराम करतं, दिसत नसेल तर ते काम विशेषणाने करायचं. आणि वाक्याच्या शेवटी? ‘दास हाउस इस्ट ग्रोस.’ प्रत्यय शून्य.

हंगेरियन नेमकं उलट. ‘लाल सफरचंदं’ म्हणताना लाल एकवचनीच, ‘पिरोश’. ‘सफरचंदं लाल आहेत’ म्हणताना मात्र ‘पिरोशॉक’, अनेकवचन.

अरबीत आणखी एक पेच. ‘अल्-बैत अल्-कबीर’ म्हणजे ते मोठं घर, नामाला ‘अल्’ तर विशेषणालाही ‘अल्’. दुसरा ‘अल्’ काढा: ‘अल्-बैत कबीर’. झालं वाक्य, ‘घर मोठं आहे’. ‘आहे’ नावाचा शब्दच नाही, एका ‘अल्’च्या असण्या-नसण्यावर सगळं. आणि माणसं सोडून इतरांचं अनेकवचन असेल तर विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी: ‘कुतुब कबीरा’, मोठी पुस्तकं. का, ते अरबांना विचारा.

किताबवरून आठवलं. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत हा शब्द अरबीतून गेला आणि त्याच्या ‘कि’ला लोकांनी तिथला वर्गप्रत्यय (नामाचा वर्ग दाखवणारा, शब्दाआधी लागणारा प्रत्यय) समजलं. म्हणून एक ‘किताबू’, अनेक ‘व्हिताबू’. विशेषणालाही तोच प्रत्यय: ‘किताबू किझुरी’ चांगलं पुस्तक, ‘व्हिताबू व्हिझुरी’ चांगली पुस्तकं. पण विशेषणच अरबीतून आलेलं असेल तर त्याला प्रत्यय नाही. ‘साफी’ म्हणजे स्वच्छ, ते कायम ‘साफी’. आपलं ‘साफ’ त्याच अरबी मुळाचं आणि तेही चालत नाही, फक्त कारण वेगळं. तिथे परकं म्हणून, इथे व्यंजनान्त म्हणून.


कोरा कागद

एकत्र मोजताना काय होतं ते राहिलं. भाऊ आणि बहीण, दोघं गोरे की गोऱ्या?

मराठीत: दोघंही गोरी आहेत. नपुंसकलिंगी अनेकवचन. हिंदी किंवा फ्रेंच अशा वेळी पुल्लिंग घेते, फ्रान्समध्ये तर त्यावरून जाहीर वाद झालेत, कारण ‘पुल्लिंग वरचढ’ असं शाळेत शिकवणं काहींना खटकतं. मराठीने तिसऱ्या लिंगाचा उपयोग करून तो प्रश्न कधीच मिटवला आहे. आइसलँडिकमध्येही अगदी हेच: स्त्री-पुरुष एकत्र असतील तर नपुंसकलिंगी अनेकवचन. दोन भाषा, मध्ये अर्धं जग, आणि तोडगा एकच. मला ही या धाग्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते आणि ती मी लिहिली याचा आनंद आहे.

अलीकडे ‘दोघेही गोरे आहेत’ सर्रास ऐकू येतं. हिंदीचा परिणाम की आपोआप, माहीतगारांनी सांगावं.


काना-मात्रा

कोरा कागद, मस्त. नपुंसकलिंग आणखी एका ठिकाणी धावून येतं. ‘त्याने भिंत पांढरी केली’ आणि ‘त्याने भिंतीला पांढरं केलं’. भिंत तीच. पण ‘ला’ लागला की विशेषणाने भिंतीशी असलेलं नातं तोडलं आणि नपुंसकलिंगात जाऊन बसलं. जुळवायला कुणी नसेल तर नपुंसक, हा मराठीचा शिरस्ता.


तिरकस

नामाआधी की नामानंतर, यावर कुणीच बोललं नाही? मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्हीत विशेषण आधी येतं, म्हणून आपल्याला तेच नैसर्गिक वाटतं. जगाच्या भाषारचनांचा जो मोठा अ‍ॅटलास आहे त्यात तेराशेहून जास्त भाषांचा हिशेब आहे. नाम आधी आणि विशेषण नंतर अशा साडेआठशेहून जास्त, विशेषण आधी अशा पावणेचारशेच्या आसपास. आपण अल्पसंख्य आहोत. ‘दिवाण-ए-खास’मधला ‘खास’ मागे का, तर फारसी त्या बहुसंख्यांतली.

फ्रेंचमध्ये जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘ग्राँ’ नामाआधी आला तर थोर माणूस, नंतर आला तर उंच माणूस. ‘आँसियां’ आधी आला तर माजी, नंतर आला तर प्राचीन. म्हणजे प्राध्यापक माजी की पुराणवस्तू हे जागेवर ठरतं.

आणि एकाहून जास्त विशेषणं आली की त्यांचा क्रम. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनने १९५५ च्या एका पत्रात लिहिलं आहे की लहानपणी, सातेक वर्षांचा असताना, त्याने एका ड्रॅगनची गोष्ट लिहिली, त्यात ‘हिरवा मोठा ड्रॅगन’ होता. आईने ड्रॅगनबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त ‘मोठा हिरवा’ असं म्हणायचं असतं एवढं सांगितलं. का, ते त्याला पुढेही कळलं नाही. मराठीतही ‘मोठा हिरवा फुगा’ सहज येतं, ‘हिरवा मोठा फुगा’ म्हटलं की मोठ्या फुग्यांच्या ढिगातून हिरवा निवडतोय असं वाटतं. रंग नामाला चिकटून, आकार त्याच्या पलीकडे. विशेषण नामानंतर येणाऱ्या कितीतरी भाषांतही ही जवळीक तशीच असते, फक्त आरशातल्यासारखी उलटी.


निरर्थक

पुराणवस्तू प्राध्यापक 😂 आमच्या वेळी सगळे नामानंतरचेच होते.

अवांतर: ‘श्रेष्ठतम’ लिहिणाऱ्यांना कुणी आवरेल का? श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगला. त्याला पुन्हा तम?


विसर्ग

आवरायचं तर यजुर्वेदापासून सुरुवात करावी लागेल. वाजसनेयी संहितेच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे.

तुमचं व्याकरण बरोबर आहे, ‘इष्ठ’ हा तमभावाचाच प्रत्यय. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ सगळे त्यातलेच. पण बोलणाऱ्यांच्या कानाला त्यातला ‘सर्वांत’ ऐकू येईनासा झाला, तो आजचा नाही. त्यापेक्षा गणितातला ‘लघुत्तम’ बघा. महत् अधिक तम म्हणून महत्तम, तिथे दोन त रास्त आहेत. लघु अधिक तम म्हणजे लघुतम. शेजारच्या महत्तमाचं बघून लघुनेही एक त जास्त घेतला, आणि आता लसावितून तो कुणी काढू शकत नाही.

बाकी मराठीला तुलनेसाठी विशेषणात बदल करावाच लागत नाही. ‘याच्यापेक्षा मोठा’, ‘याहून मोठा’, ‘सगळ्यांत मोठा’. ‘मोठा’ तिन्हीकडे मोठाच. जपानी ‘योरी’, तुर्कीची ‘दान’ ही पंचमी, सगळे याच पठडीतले. विशेषणालाच ‘तर-तम’ लावायची हौस मुख्यतः युरोपीय भाषांना आणि संस्कृतला.


मितवा

मी स्पॅनिश शिकते. तिथे ‘आहे’ दोन आहेत. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे. विशेषण तेच, ‘आहे’ बदललं. मराठीत असं काही आहे?


भटकी जीभ

आहे की. ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी असतो’. रशियन हाच भेद विशेषणाच्या दोन रूपांनी करते: आखूड ‘बोलेन’ म्हणजे सध्या आजारी, लांब ‘बलनोय’ म्हणजे कायमचा रोगी. स्पॅनिश आणि मराठी क्रियापदावर ढकलतात, रशियन विशेषणावर.


दोड्डमने

मला या सगळ्यात मराठीची एकच गोष्ट कुठे सापडली नाही, ती म्हणजे लालभडक, हिरवागार, पांढराशुभ्र, काळाकुट्ट, पिवळाधमक, निळाशार. प्रत्येक रंगाला त्याचा ठरलेला जोडीदार. ‘लालकुट्ट’ म्हटलं की लोक हसतात. आंबटढाण, तिखटजाळ, कडूजहर, थंडगार. हे पाठ करण्याशिवाय इलाज नव्हता.


भटकी जीभ

तुर्कीत सापडेल. तिथे शब्दाचं पहिलं अक्षर घेऊन मध्ये एक व्यंजन घालतात. ‘किर्मिझी’ म्हणजे लाल (आपलं किरमिजी तेच), लालभडक म्हणजे ‘किप्किर्मिझी’. ‘बेयाझ’ पांढरा, ‘बेम्बेयाझ’ पांढराशुभ्र. ‘मावी’ निळा, ‘मास्मावी’ निळाशार. ‘तेमिझ’ स्वच्छ, ‘तेर्तेमिझ’ लख्ख. कुठे प, कुठे म, कुठे स, कुठे र, हे तिथेही पाठच करावं लागतं. दोड्डमने, तुमच्या दुःखाला तुर्कस्तानात सोबत आहे.


मितवा

पण मराठीतल्या या जोड्यांत लिंग कुठे लागतं? हिरवागार, हिरवीगार, हिरवंगार. शब्दाच्या मधे! शेवटचा तुकडा तसाच. मग ‘नवाकोरा’चं ‘नवीकोरी’ कसं होतं? तिथे दोन्ही बदलले.


काना-मात्रा

कारण ‘कोरा’ स्वतंत्रपणे वापरला जातो, कोरा कागद, कोरी वही. त्याला अर्थ आहे. ‘भडक’, ‘कुट्ट’ नुसती शेपटं.


कोरा कागद

माझं नाव घेतलंत म्हणून बोलतो: हे पटत नाही. ‘शुभ्र’ला स्वतंत्र अर्थ आहे, ‘गार’ला आहे, ‘भडक’लाही आहे. तरी ‘पांढरीशुभ्र’मध्ये शुभ्र हलत नाही.


विसर्ग

अर्थाशी संबंध नाही, फक्त शेवटच्या स्वराशी आहे. गार, शुभ्र, कुट्ट, भडक, शार, धमक यांतलं एकही आकारान्त नाही, म्हणून ते एरवीही बदलत नाहीत. कोरा आकारान्त, म्हणून बदलतो. साधाभोळा, साधीभोळी. उंचपुरा, उंचपुरी. इथे तर पहिला तुकडा स्थिर आणि दुसरा हलतो, कारण ‘उंच’ व्यंजनान्त.

पुरावा हवा असेल तर ‘पहिलावहिला’ घ्या. ‘वहिला’ला आज एकट्याने काही अर्थ नाही, कुणी ‘वहिली वही’ म्हणणार नाही. तरीही पहिलीवहिली भेट, पहिल्यावहिल्या पावसात. तसंच एकटीदुकटी, ठेंगणीठुसकी.


काना-मात्रा

‘ठेंगणीठुसकी’ला उत्तर नाही माझ्याकडे. आकारान्त असूनही न बदलणारा मला एकच आठवतोय, ‘जादा’: जादा काम, जादा गाडी, जादा पैसे. पण तो कुठल्या जोडशब्दात दुसऱ्या जागी येतो का? कुणाला सापडला तर टाका इथे, विसर्गांचा नियम तेवढ्यावर तपासता येईल.


निरर्थक

‘कमीजादा’. घ्या.


विसर्ग

कमीजादा रक्कम, कमीजादा पैसे, कमीजादा वजन. बदलत नाही. जो एकटा असताना बदलत नाही, तो जोडीतही बदलत नाही. निरर्थक, आभार.